न वाकणाऱ्या विटेची लाट

वीट वाकत नाही. तिला सहा सपाट बाजू असतात आणि भट्टीतून बाहेर पडल्यावर तिच्या आकारात फारसा बदल करता येत नाही. फार तर थापीच्या धारेने ठोकून तिचा अद्धा करता येतो. तरीही गेल्या वीसेक वर्षांत जगात अनेक ठिकाणी पुढेमागे डोलणाऱ्या, मध्येच फुगणाऱ्या, उन्हाबरोबर रूप पालटणाऱ्या विटांच्या दर्शनी भिंती उभ्या राहिल्या. त्यांतल्या बहुतेक आधी संगणकाच्या पडद्यावर एकेक वीट मोजून रचलेल्या असतात. ते काम जवळून पाहिलं, तर सगळ्यात जास्त वेळ लाट काढण्यात जात नाही, हे लवकरच कळतं. वेळ जातो तो ती लाट विटांमध्ये वाटून देण्यात.

सुरुवात सोपी असते. रायनो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जमिनीवर एक रेषा काढायची, तीन मीटर उंचीवर दुसरी वळणदार रेषा काढायची आणि दोन्हींच्या मध्ये पृष्ठभाग ताणायचा. त्याला जोडून ग्रासहॉपर उघडलं की प्रत्येक मापाला एक स्लायडर मिळतो. डेव्हिड रुटन यांनी घडवलेलं हे साधन २००७ साली आलं आणि आर्किटेक्टांच्या हाती प्रोग्रॅमिंगची भाषा न शिकता प्रोग्रॅम लिहिण्याची सोय आली. स्लायडर उजवीकडे सरकवला की लाट खोल होते, डावीकडे आणला की भिंत सरळ होत जाते. पाहुण्याला दाखवण्यासारखं चित्र पाच-दहा मिनिटांत तयार होतं.

पण ती अजून भिंत नसते, नुसतं कवच असतं. त्याला जाडी नाही, सांधे नाहीत, वजन नाही.

मग थर पाडायचे. भारतीय मानकातली मॉड्युलर वीट १९० मिलिमीटर लांब, ९० रुंद आणि ९० उंच असते. १० मिलिमीटरचा मसाला धरला की एक थर १०० मिलिमीटरचा होतो. म्हणून पृष्ठभागाला दर १०० मिलिमीटरवर आडवा छेद द्यायचा. प्रत्येक छेदातून एक वळणदार रेषा मिळते. ती दर २०० मिलिमीटरवर तोडायची, प्रत्येक बिंदूवर विटेची दिशा ठरवायची आणि तिथे वीट ठेवायची. एक सोडून एक थर अर्ध्या विटेने सरकवायचा, म्हणजे खालचा उभा सांधा वरच्या विटेच्या पोटाखाली येतो. गवंडी याला सांधेमोड म्हणतात आणि ती चुकली तर भिंतीत वरपासून खालपर्यंत उभी भेग जायला वाट मिळते.

इथपर्यंत कृती सरळ वाटते. आता एक भिंत मोजून पाहू. लांबी ६ मीटर. तळाचा थर अगदी सरळ, माथ्याचा थर लाटेचा: दर २ मीटरला एक लाट, मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटिमीटर. तळाच्या थरात बरोबर ३० विटा बसतात. माथ्याची रेषा मात्र वळणं घेत जाते, त्यामुळे तिची लांबी सुमारे ६.३ मीटर भरते. तिथे तेवढ्याच ३० विटा ठेवल्या तर प्रत्येक सांधा १० ऐवजी २० मिलिमीटरचा होतो, म्हणजे मसाला दुप्पट आणि दिसायला भिंत दात पडल्यासारखी. सांधा १० मिलिमीटरचाच ठेवला तर माथ्यावर दीड वीट जास्त लागते. ही दीड वीट एकाच थरात अवतरत नाही. ती खालून वर थराथराने हळूहळू शिरते, आणि त्या प्रवासात कुठे ना कुठे वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊन बसतो. सांधेमोड तिथे संपते.

दुसरी अडचण लाटेच्या शेंड्यावर आहे. याच भिंतीत माथ्याच्या थराला शेंड्यापाशी वळणाची त्रिज्या जेमतेम ६७५ मिलिमीटर उरते. तिथे शेजारशेजारच्या दोन विटांत सुमारे १७ अंशांचा कोन पडतो. मधोमध १० मिलिमीटरचा सांधा धरला, तर बाहेरच्या अंगाला तो २३ मिलिमीटरपर्यंत फाकतो आणि आतल्या अंगाला विटांचे कोपरे एकमेकांत ३ मिलिमीटर घुसतात. पडद्यावर त्या विटा निमूटपणे एकमेकींतून आरपार जातात, कारण सॉफ्टवेअरला तसं करायला कुणी मनाई केलेली नसते. मनाई वेगळी लिहावी लागते: प्रत्येक विटेची शेजारणीशी टक्कर तपासायची, जिथे लागते तिथे वीट लाल दाखवायची. पहिल्यांदा ही तपासणी चालवली की शेंड्याशेंड्यावर लाल पट्टे उमटतात आणि गुळगुळीत वाटणाऱ्या त्या लाटेत किती ठिकाणी अशक्य गोष्टी दडल्या होत्या ते समोर येतं.

यावर जाणकार लोक एक युक्ती वापरतात. विटेला वळणाच्या मागे धावायला लावायचंच नाही. विटांची जागा लाटेवरून न मोजता तळाच्या सरळ रेषेवरून मोजायची आणि लाटेने फक्त प्रत्येक वीट किती पुढे किंवा मागे सरकणार ते ठरवायचं. सगळ्या विटा एकमेकींना समांतर राहतात, प्रत्येक थरात ३० चाच हिशेब टिकतो, सांधेमोड शाबूत राहते. लाट पायऱ्यापायऱ्यांची होते, पण रस्त्यापलीकडून पाहणाऱ्याला ती लाटच दिसते आणि जवळ आलेल्याला प्रत्येक पायरीची सावली वेगळी मिळते. डोळ्यांना हेच जास्त आवडतं असं लेखकाचं मत आहे. गुळगुळीत वळणच हवं असेल तर प्लास्टर आहेच.

वजनाचा प्रश्न मात्र कुठल्याच युक्तीने सुटत नाही. वरचा थर खालच्या थराच्या किती पुढे यावा याला मर्यादा आहे. अमेरिकी बांधकाम संहितेत एका विटेने तिच्या उंचीच्या निम्म्यापेक्षा किंवा जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा, यांतलं जे कमी असेल त्यापेक्षा जास्त पुढे येऊ नये असा नियम आहे. आपल्या ९० मिलिमीटरच्या विटेला तो लावला तर एका थरात ३० मिलिमीटर हाती येतात. तेही सलग दहा थर घेतले तर भिंत तोल सोडते. म्हणून मॉडेलमध्ये प्रत्येक दोन थरांतला फरक आकड्यात दिसायला हवा, आणि संपूर्ण भिंतीचा भार पायाच्या आत पडतो की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने वेगळं पाहायला हवं.

लाट ही नुसती सजावट नसते, हे सांगायला संगणकाच्या आधीचा माणूस लागतो. उरुग्वेचे इंजिनिअर एलादियो दिएस्ते यांनी १९५८ ते १९६० या काळात आत्लान्तिदा गावात चर्च बांधलं. त्याच्या भिंती साधारण ७ मीटर उंच आणि फक्त ३० सेंटिमीटर जाड आहेत. तळाशी त्या सरळ रेषेत उभ्या राहतात आणि वर चढता चढता लाटेत वळत जातात. एवढी पातळ, उंच भिंत सरळ असती तर तिला खांबांचा आधार द्यावा लागला असता. इथे तिच्या घड्याच तिला ताठ ठेवतात. दिएस्ते यांच्याकडे स्लायडर नव्हता, भूमिती होती. खालची सरळ रेषा आणि वरची लाट यांच्यामधला प्रत्येक उभा धागा सरळच असतो, त्यामुळे तार ताणून गवंड्यांना प्रत्येक थराची जागा मिळत गेली. रायनोत दोन रेषांमध्ये पृष्ठभाग ताणताना आज जे घडतं ते हेच. २०२१ साली युनेस्कोने हे चर्च जागतिक वारशात घेतलं.

पडद्यावरच्या विटेला स्वतःचा एक भार असतो, तो संगणकावर पडतो. प्रत्येक वीट सुटी घन वस्तू म्हणून काढली तर मोठ्या भिंतीचं मॉडेल हलेनासं होतं. म्हणून बहुतेक वेळ विटा काढतच नाहीत. फक्त बिंदू आणि दिशा ठेवतात, आणि शेवटी एकच वीट सगळीकडे नमुना म्हणून टाकतात. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरला सरळ भिंत, दार, खिडकी नीट कळते. दुहेरी वळणाची भिंत त्याला सहज पचत नाही. लाट रायनोत घडवून तिथे नेली जाते, कारण ठेकेदाराचे नकाशे आणि मोजमापाचे तक्ते रेव्हिटमधून निघतात.

या सगळ्याचा सर्वांत देखणा परिणाम स्वित्झर्लंडमधल्या फ्लेश गावात आहे. गान्टेनबाइन यांच्या द्राक्षमळ्याच्या वाइनरीचा नवा भाग बेआर्थ आणि डेप्लाझेस या आर्किटेक्टांनी आखला आणि त्याच्या दर्शनी भिंतींसाठी फाबिओ ग्रामाझिओ व मथियास कोलर यांना बोलावलं. २००६ सालची गोष्ट. त्यांनी संगणकात इमारतीला टोपली मानून तिच्यात द्राक्षांसारखे गोल ओतले, ते जसे पडले तसं चारही बाजूंनी चित्र घेतलं आणि त्या चित्रातला प्रत्येक ठिपका एका विटेच्या फिरण्यात उतरवला. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात रोबोटने विटा उचलून, चिकटवून ७२ पॅनेल तयार केली आणि ती ट्रकवरून जागेवर नेऊन क्रेनने बसवली. ४०० चौरस मीटरची भिंत, २०,००० विटा. म्हणजे एका चौरस मीटरला ५०, आणि जवळपास प्रत्येकीचा कोन निराळा. भिंत सपाट आहे, पण चालत जाताना फिरलेल्या विटांवर ऊन वेगवेगळं पडतं आणि भले मोठे गोल पुढे आल्याचा भास होतो. विटांमधल्या फटींतून आत मवाळ उजेड येतो, थेट ऊन मात्र बाहेरच राहतं. वाइन आंबवण्याच्या खोलीला तेच हवं असतं.

रोबोट प्रत्येकाला परवडत नाही आणि परवडायलाच हवा असंही नाही. दिल्लीत ॲनाग्रॅम आर्किटेक्ट्सनी २००५ साली साउथ एशियन ह्यूमन राइट्स डॉक्युमेंटेशन सेंटरच्या छोट्या इमारतीची रस्त्याकडची जाळीदार भिंत रचली. सहा विटांचा एकच गट, तो फिरवत फिरवत आणि उंची बदलत मांडत गेले की भिंत पिळल्यासारखी दिसते. गवंड्याला सहा विटा कळल्या की पुढची सगळी भिंत कळते. मॉडेल करणाऱ्याने आधी नियम शोधायचा आणि मग आकृती काढायची, हे या भिंतीइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

तेहरानमधल्या ‘फॉर्टी नॉट्स हाउस’मध्ये वाट आणखी वेगळी होती. हबीबे मज्दाबादी आणि अलीरेझा मशहदी मिर्झा यांनी २०१४ च्या या घरासाठी पडद्यावरची भिंत मजकुरात बदलली: कोणत्या थरात कोणती वीट किती पुढे. जागेवर एकाने ओळ वाचायची, गवंड्याने विटा मांडायच्या. इराणी गालिचे विणताना नक्षी वाचून दाखवायची जुनी पद्धत आहे, ती इथे बांधकामावर आली. संगणकातून निघालेल्या हजारो आकड्यांचं असं वाचनीय ओळीत रूपांतर करणं हे मॉडेल बनवण्याइतकंच कौशल्याचं काम आहे, आणि आर्किटेक्चर कॉलेजांत ते फारसं शिकवलं जात नाही याची खंत वाटते.

न्यूयॉर्कमध्ये शॉप आर्किटेक्ट्सच्या २९० मलबेरी या इमारतीत लाटेची खोली कायद्याने ठरवली. दर्शनी सजावटीला मालमत्तेच्या रेषेबाहेर थोडंसं डोकावायची मुभा होती, ती मुभा मॉडेलमध्ये नियम म्हणून घातली आणि तेवढीच लाट उठवली. विटा कारखान्यात काँक्रीटच्या पॅनेलांमध्ये बसवून आणल्या. उत्तर ग्रीसमधल्या किट्रस वाइनरीत २०१९ साली पुन्हा गवंडीच कामावर होते: १३,५९६ हातघडणीच्या विटा, २२५ चौरस मीटर, आणि समोर पडदा. कॅमेरा हातातली वीट ओळखायचा आणि ती ठरलेल्या जागेपासून किती हललेली आहे ते तिथल्या तिथे दाखवायचा. ओला मसाला किती दबेल हे गवंड्याच्या हाताला ठाऊक, कोन किती अंशांचा हे पडद्याला.

महाराष्ट्रातलं उदाहरण कोपरगावचं आहे. तिथल्या शारदा शाळेतलं माया सोमैया ग्रंथालय समीप पाडोरा यांच्या कार्यालयाने २०१८ साली पूर्ण केलं. इथे लाट भिंतीची नाही, छपराची आहे. जमिनीतून उठून परत जमिनीला टेकणारं पातळ विटांचं कवच, ज्यावर मुलं चढून जातात. त्याचा आकार रायनोव्हॉल्ट या साधनातून निघाला. ते वक्राला अशा आकारात आणतं की भार फक्त दाबातून खाली उतरावा. दाब सोसणं विटेला जमतं, ताण नाही, त्यामुळे या छपराची देखणी वळणं थेट विटेच्या स्वभावातून आलेली आहेत.

आणि तरीही आपल्याकडच्या मॉडेलमध्ये एक आकडा हमखास चुकतो: विटेचा. पडद्यावर ती १९० मिलिमीटर असते. मानक मात्र २० विटा एका ओळीत ठेवून मोजायला सांगतं आणि त्यांची लांबी ३७२० ते ३८८० मिलिमीटर यांमध्ये कुठेही भरली तरी माल चालतो. म्हणजे सरासरी वीट १८६ चीही असू शकते आणि १९४ चीही. सरळ भिंतीत मसाला हे पोटात घालतो. आपल्या लाटेच्या भिंतीत शेंड्यावर ३ मिलिमीटरसाठी कोपरे भिडत होते, तिथे ८ मिलिमीटरचा हा फरक सगळं गणित उलटंपालटं करतो. म्हणून काम चोख करणारी कार्यालयं आधी ठरलेल्या भट्टीवरून विटा मागवतात, त्यांतल्या २० अंगणात ओळीने मांडतात, टेप लावतात, आलेल्या लांबीला २० ने भागतात आणि तो आकडा स्लायडरमध्ये भरतात. लाटेची खोली त्यानंतर ठरते.