ठासणीची बंदूक आणि घाई

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याच्या तटात एक पाटी बसवलेली आहे. 21 मार्च 1791 रोजी इंग्रजांनी येथील खिंडारातून हल्ला चढवला, असे ती सांगते. त्या पाटीपाशी उभा राहिलो की मला नेहमी एक प्रश्न पडतो. रात्रीच्या काळोखात, ढासळलेल्या दगडमातीवर पाय रोवून, एकदा उडालेली बंदूक शिपाई पुन्हा भरीत तरी कसा?

भरण्याचा विधी लांबलचक होता. कागदी काडतूस दातांनी फाडायचे, चिमूटभर दारू रंजकासाठी ठेवायची, उरलेली नळीत ओतायची, वर कागदासह गोळी सोडून गजाने ठासायची. कवायतीत मुरलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. नळीत मळसूत्री खाचा असलेल्या रायफलीचे काम याहून संथ. तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी तीत घट्ट दाबून बसवावी लागे. मिनिटाला एक बार निघाला तरी पुष्कळ. (घाई सर्वांनाच होती असे मात्र नव्हे. त्याच युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांचा वेढा धारवाडला पडला होता. तेथील तोपची दोन बारांच्या मध्ये गप्पा मारीत व धूम्रपान करीत बसत, असे मूर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे.)

म्हणून शिपायांनी चोरवाटा शोधल्या. गोळ्या तोंडात धरायच्या. गजाला फाटा देऊन दस्ता जमिनीवर आपटायचा, म्हणजे गोळी आपल्या वजनाने खाली जाईल.

ही युक्ती करून पाहावी, असे माझ्या मनात आले. सासऱ्यांच्या घरी त्यांच्या परवान्यावरची एक जुनी ठासणीची बंदूक पलंगावरच्या खुंटीला वर्षानुवर्षे टांगलेली होती. प्रथम गज नळीत सोडून तोंडापाशी खूण केली आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. तो तळापासून चार बोटे अलीकडेच अडत होता. बंदूक भरलेली होती! घरातली मुले त्याच पलंगावर खेळत. आम्ही तिला पुढे हात लावला नाही. परवानाधारक कारागिराला बोलावले. त्याने आधी पाणी सोडून दारू भिजवली आणि मग जुना बार काढला.

नळी रिकामी झाल्यावर दारूच्या जागी रवा घेऊन प्रयोग केला. ज्याला हौस असेल त्याने तो असाच करावा, खऱ्या दारूने कदापि नव्हे. दहा वेळा दस्ता आपटला. सहा वेळा गोळी रव्यापर्यंत पोहोचलीच नाही, आणि सैल गोळी घेतली तर नळी झुकवताच ती घरंगळून बाहेर आली. गोळी दारूपासून दूर राहिली तर बार उडताना नळी फाटू शकते. दारूच्या शिंगातून थेट ओतण्याची घाई याहून वाईट. तळाशी आधीच्या बाराचा निखारा राहिलेला असला तर शिंगच हातात फुटते. गोंधळात शिपाई एकावर एक बारही ठासत. 1863 साली अमेरिकेत गेटिसबर्गच्या रणांगणावर असे दुहेरी-तिहेरी भरलेल्या हजारो बंदुका सापडल्या.

खरा उपाय 1849 च्या सुमारास मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने काढला. त्याची गोळी नळीहून किंचित बारीक, म्हणून सहज उतरे. बार होताच तिचा पोकळ बुडखा फुगून खाचांत घट्ट बसे. तिच्याच धर्तीची गोळी पुढे एन्फिल्ड रायफलीत आली, आणि त्या काडतुसांच्या चरबीने 1857 साली काय झाले ते सर्वविदित आहे.

सासऱ्यांची बंदूक आता कुलुपात असते. तिच्या गजावर कारागिराने कानशीने दोन खुणा केल्या आहेत: एक रिकाम्या नळीची, दुसरी भरलेल्या नळीची.