टँकरवरचा आकडा वाचा

पलूसच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांबरोबर इंधनाचे टँकरही धावतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार अशा टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे माहितीफलक हवा. त्यावरचा चार अंकी क्रमांक जगभर सारखाच असतो: 1203 म्हणजे पेट्रोल, 1170 म्हणजे इथेनॉल. तो कळला की कोणता फेस मारायचा, हे अग्निशमन दलाला ठरवता येते. चालकालाही खास प्रशिक्षण लागते.

सवलतही आहे. पेट्रोलियम कायदा, 1934 नुसार विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना नेता येते. मात्र काचेचे भांडे 1 लिटरहून आणि धातूचे 25 लिटरहून मोठे नको. टपालाच्या पार्सलात तर ज्वलनशील वस्तू चालतच नाहीत.

टँकर उलटलेला दिसला, तर लांबूनच क्रमांक वाचा आणि 112 वर कळवा. सांडलेले इंधन भरून घ्यायला धावू नका.