डोळ्यांतली धग

२०२५ च्या ५ जूनला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. कसारा घाटातली रखडपट्टी टाळून गाड्या डोंगराच्या पोटातून सुसाट जाऊ लागल्या. मुंबई हाकेच्या अंतरावर आली, याचा आम्हा इगतपुरीकरांना आनंद आहेच. पण त्याच पावसाळ्यात माझ्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या उजव्या डोळ्यापुढे एका सकाळी काळे जाळे उतरले. पडद्यावर उगवलेल्या कच्च्या रक्तवाहिन्या फुटून आत रक्तस्राव झाला होता. बाईंना डायबेटिस बरीच वर्षे. दर तीन महिन्यांची शुगर, किडनीची तपासणी, पायांची तपासणी, सगळे कागद तारीखवार लावलेले. त्या जाडजूड फायलीत डोळ्याच्या पडद्याचा एकही फोटो नव्हता. काढून घ्या, असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

मला याचा संताप येतो, कारण हे सगळे आमच्या घरात एकदा होऊन गेले आहे.

त्याआधीचा या आजाराच्या उपचारांचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो आमच्या गावापर्यंत आलाच नाही. जर्मनीत मायर-श्विकेराथ यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर सूर्याचा प्रकाश एकवटून पडदा डागण्याचे प्रयोग केले. पुढे झेनॉनचा दिवा आला, मग लेसर. वेळेवर लेसर केला तर मधुमेहातले गंभीर अंधत्व निम्म्याहून अधिक टळते, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने १९७६ मध्ये दाखवले. त्याच वर्षी भारतात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचे जवळजवळ सगळे बळ मोतीबिंदूवर लागले. त्या काळाची गरजच ती होती. मात्र पुढेही शिबिरांचे यश मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया मोजूनच ठरत राहिले. बाहुली मोठी करून पडदा पाहायला वेळ लागतो, त्यात मोजून दाखवण्यासारखे काही नसते, म्हणून ते राहून गेले.

माझे मधुमेही काका रेल्वेत ड्रायव्हर होते. थळ घाटात, सदतीस फुटांना एक फूट अशा चढणीवर, कसाऱ्याहून गाड्या वर रेटणाऱ्या बँकर इंजिनांवर त्यांची उमेदीची वर्षे गेली. पावसाळ्यातल्या धुक्यात सिग्नलचा दिवा ओळखणारे डोळे ते. २००६ साली निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांना पेपरातल्या ओळी वाकड्या दिसू लागल्या. लांबचा तक्ता ते तोवर धडाधड वाचत होते, त्यामुळे डोळ्यात काही बिघडले असेल असे कोणाच्या मनात आले नव्हते.

२००६ ते २०१६ ही दहा वर्षे मी काकांबरोबर नाशिकच्या वाऱ्या केल्या. पहिल्या खेपेला दंडाच्या शिरेतून पिवळे औषध सोडून पडद्याचे फोटो काढले. काकांची कातडी पिवळी पडली, लघवी दुसऱ्या दिवसापर्यंत केशरी होत राहिली. काकूला कावीळच वाटली. मग लेसर. हिरव्या प्रकाशाचे शेकडो चटके, डोके जड, आणि काही आठवड्यांनी लक्षात आलेली गोष्ट, की बाजूचे आणि अंधारातले दिसणे कमी झाले आहे. डोळ्याचा मधला भाग वाचवायला कडेचा पडदा जाळावा लागतो, हा त्या उपचाराचा व्यवहारच होता. ज्या माणसाने रात्रीच्या घाटात गाड्या चालवल्या, त्याला संध्याकाळी अंगणातली पायरी दिसेना.

पुढे सुई आली. आतड्याच्या कॅन्सरसाठी २००४ मध्ये मान्यता मिळालेले बेव्हॅसिझुमॅब डोळ्याचे डॉक्टर थेंबभर डोळ्यात टोचू लागले होते. डोळ्यात सुई म्हटल्यावर काकूने देवच पाण्यात ठेवले. प्रत्यक्षात बधिर करणारे थेंब, तपकिरी आयोडीन, पापण्या उघड्या धरणारी तार, बुबुळाच्या कडेपासून चार मिलिमीटर मागे टोचलेली सुई आणि ०.०५ मिलिलिटर औषध. सगळे मिनिटभरात आटोपायचे. कित्येकांना या सुईने वाचायची दृष्टी परत दिली. काकांच्या पडद्याची सूज मात्र उतरायची आणि महिन्याभरात पुन्हा भरायची.

आणि इथे माझा जुना हिशेब आहे. सूज वाढली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "गोड खाता का?" दवाखान्यात तोच, सोयऱ्यांत तोच. काकांची तीन महिन्यांची सरासरी साखर त्या काळात चांगली होती, रिपोर्ट समोर असायचा, तरी चोरून खाणारा म्हणूनच त्यांच्याकडे पाहिले गेले. ते चिडून एकदा म्हणाले, "अरे, चहासुद्धा बिनसाखरेचा पितो मी, आणखी काय सोडू?" त्यांना कोणी उत्तर दिले नाही. उत्तर तेव्हा छापून आलेले होते.

साखर नियंत्रणाचे महत्त्व मी कमी लेखत नाही. १९९३ च्या अमेरिकी चाचणीने आणि १९९८ च्या ब्रिटिश अभ्यासाने ते कायमचे सिद्ध केले आहे. पण जास्तीची साखर पडद्यावर आघात करते तो मोठ्या प्रमाणात शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेच्या हातून. पडद्यात मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. साखरेचा मारा वर्षानुवर्षे चालला की त्या चवताळतात आणि दाह वाढवणारी रसायने सोडतात. केशवाहिन्यांच्या आतल्या भिंती चिकट होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे अडकून बसतात. घाटात एक मालगाडी मधेच उभी राहिली की मागची सगळी वाहतूक तुंबते, तसे त्या बारीक वाहिनीचे होते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, भिंती झिरपतात, सूज येते, आणि उपाशी पडदा नव्या, कच्च्या वाहिन्यांना हाका मारतो.

याची पहिली खूण १९६४ ची. पॉवेल आणि फील्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये नोंदवले की संधिवातासाठी ॲस्पिरिनच्या कुळातली औषधे घेणाऱ्या मधुमेहींच्या पडद्याला इजा कमी दिसते. पुढे १९९१ मध्ये मोठ्या चाचणीत रोजच्या ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिनचा उपयोग दिसला नाही आणि दाहाचा विषय बाजूला पडला. मला हे पटत नाही. एक गोळी चालली नाही, एवढ्यावरून मूळ कल्पनेला इतकी वर्षे मागच्या बाकावर बसवायला नको होते. २००४ मध्ये आंटोनिया योसेन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवले की पांढऱ्या पेशींना भिंतीशी चिकटवणारी प्रथिनेच नसतील, तर मधुमेह असूनही पडद्याच्या वाहिन्या बऱ्याच वाचतात. आपल्या पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००८ मध्ये खेडे, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही ठिकाणच्या पुरुषांची चरबी, साखर आणि रक्तातली दाहाची चिन्हे एकत्र अभ्यासली. म्हणजे हा विचार आपल्याच राज्यात, इथून चार-पाच तासांच्या अंतरावर चालू होता. तो डोळ्याच्या दवाखान्यात बाकड्यावर बसलेल्या पेशंटपर्यंत आला नाही.

काकांना अखेर स्टेरॉइडने आराम पडला. दाह शमवणारे ते औषध डोळ्यात गेल्यावर त्यांची सूज पहिल्यांदा नीट उतरली. डोळ्याचा दाब वाढला, त्यासाठी थेंब लागले, मोतीबिंदूही लवकर पिकला. पण वाकड्या ओळी सरळ झाल्या. हा प्रयोग चार वर्षे आधी झाला असता तर, असे मला आजही वाटते.

दुसरा हिशेब २०१६ चा. जानेवारीत औषध नियंत्रकांनी बेव्हॅसिझुमॅब डोळ्यात वापरू नये असा इशारा काढला. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर मार्चमध्ये तो मागे घेतला गेला. भेसळीची आणि जंतुसंसर्गाची काळजी खरी होती. पण कित्येक पटींनी महागडी रॅनिबिझुमॅबची सुई ज्यांना परवडत नव्हती, त्यांचे ते दोन महिने बिनऔषधाचे गेले, आणि सुजलेला पडदा तारखांसाठी थांबत नाही. आदल्या वर्षी रॅनिबिझुमॅबचा भारतीय पर्याय बाजारात आला होता, एवढाच काय तो दिलासा.

त्या दशकातली एक गोष्ट मात्र मला फार आठवते. नाशिकचे ते वयस्कर डॉक्टर अंधाऱ्या खोलीत, डोक्याला दिवा बांधून, हातातल्या भिंगातून काकांचा पडदा बराच वेळ न्याहाळायचे आणि मग रंगीत पेन्सिलींनी कागदावर काढायचे: रक्तस्राव लाल, शिरा निळ्या, चरबीचे डाग पिवळे. काढता काढता समजावून सांगायचे. आता पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी यंत्राचा छापील कागद दोन मिनिटांत हातात पडतो. त्या यंत्राचे मोल मोठे आहे. गेल्या काही वर्षांत त्यानेच जिवंत माणसाच्या डोळ्यात पडद्यावर जमलेल्या प्रतिकारपेशी दाखवल्या आणि आजार बळावलेल्या डोळ्यांत त्या जास्त असतात हे समोर आले. पण समजावून सांगणारा माणूस त्या कागदाबरोबर येत नाही.

आज सबबी उरलेल्या नाहीत. धारावीत पडद्याची तपासणी घरोघरच्या पाहणीतून झाली. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने आणि इंटरनेटशिवाय चालणाऱ्या संगणकीय निदानाने ती करून दाखवली गेली, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्या तालुक्यात धामणगावला वैद्यकीय महाविद्यालय आले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तरी शुगर मोजायचे टेबल आणि पडद्याचा फोटो यांची गाठ पडत नाही.

येत्या १४ नोव्हेंबरला, मधुमेह दिनी, इगतपुरी-घोटीत शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे: बोटाला सुई टोचून रिपोर्ट हातात देऊन माणसाला घरी पाठवू नका. शेजारच्या खुर्चीवर त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचे फोटो काढा, आणि ते पुढच्या वर्षीही काढायचे आहेत हे त्याच कागदावर लिहून द्या.