घरून काम करणारा रुग्ण आणि त्याची दिनचर्या

मार्च २०२० च्या टाळेबंदीत संगणक क्षेत्रातील कार्यालये घराघरांत आली. साथ ओसरली तरी आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची पद्धत अनेक कंपन्यांत टिकून आहे. मलावष्टंभ, शिरोगौरव आणि ‘कामात लक्ष लागत नाही’ अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या या रुग्णांत केवळ औषधयोजनेने भागत नाही, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

घरी बसल्याने कार्यक्षमता घटतेच, हा समज मात्र बरोबर नाही. शांघाय येथील एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीस सुरू झालेल्या नऊ महिन्यांच्या प्रयोगात घरून होणारे काम १३ टक्क्यांनी वाढले. परंतु त्यातील सुमारे ९ टक्के वाढ ही मधली विश्रांती व आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळे, म्हणजे अधिक वेळ कामावर बसल्यामुळे होती. व्यवस्थापनाला जेथे लाभ दिसतो, तेथे वैद्याला वेगधारणाची शंका आली पाहिजे. चरकाचार्यांनी सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांपैकी मूत्र, पुरीष, क्षुधा, तृष्णा व निद्रा हे पाच तरी ‘मीटिंग संपू द्या’ म्हणून रोज अडविले जातात. त्यातच स्वयंपाकघर हाताशी असल्याने चिवडा-बिस्किटे चालूच राहतात आणि अध्यशन घडते. ‘जेवण वेळेवर असते’ हे रुग्णाचे उत्तर म्हणूनच अपुरे समजावे.

दुसरा हेतू रात्रिजागरण. न्यूयॉर्कला सकाळचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ, तर हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात. भोजन त्यानंतर. वाग्भटाचार्यांच्या मते असात्म्य जागरण झाल्यास त्याच्या निम्मा काळ दुसऱ्या दिवशी सकाळी, अन्न घेण्यापूर्वी निजावे. आपला रुग्ण नेमके उलट करतो. सकाळी चहा घेऊन कामाला बसतो आणि दुपारी भरल्या पोटी आडवा होतो. पलंग दोन पावलांवरच असतो! कफपित्त वाढून सायंकाळी तंद्रा व जडत्व येते, आणि त्यालाच तो बुद्धिमांद्य समजतो. दुपारी झोप अनावर झाल्यास खुर्चीत बसूनच डुलकी घेण्यास सांगावे. बसून घेतलेली डुलकी रूक्षही नाही व अभिष्यंदीही नाही, असे चरकसंहितेत स्पष्ट म्हटले आहे.

औषधविक्रेते बंधूंना एक विनंती. त्रिफळा चूर्ण वा अश्वगंधा दर महिन्याला नेणाऱ्या तरुण ग्राहकास, तो रात्री किती वाजता जेवतो, एवढे अवश्य विचारावे. उत्तर अकरानंतरचे असेल, तर चूर्णाची दुसरी डबी देण्याआधी त्याला जवळच्या वैद्याकडे पाठवावे.