सीमेचे रक्षण : दल केंद्राचे, जबाबदारी दोघांची

१९६५ पर्यंत पाकिस्तानलगतच्या सीमेवर त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस पहारा देत असत. ९ एप्रिल १९६५ रोजी पाकिस्तानी सैन्याने कच्छमधील सरदार चौकीवर हल्ला चढविला. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांनी निकराने प्रतिकार केला. तथापि सुसज्ज सैन्याच्या आक्रमणापुढे राज्य पोलिसांची व्यवस्था अपुरी ठरते, हे कच्छमधील घटनांनी स्पष्ट झाले. म्हणून १ डिसेंबर १९६५ रोजी केंद्राच्या अधिपत्याखाली सीमा सुरक्षा दल स्थापन करण्यात आले. कामठी येथे जन्मलेले के. एफ. रुस्तमजी हे त्याचे पहिले प्रमुख होत.

संविधानानुसार देशाचे संरक्षण आणि परकीयांचा प्रवेश व हकालपट्टी हे विषय केंद्राकडे, तर पोलीस हा विषय राज्याकडे आहे. राज्यांना स्वतंत्र सैन्य नाही. सीमा सुरक्षा दलास ठराविक पट्ट्यात झडती, जप्ती व अटक यांचे अधिकार आहेत. परंतु पकडलेल्या व्यक्तीस स्थानिक पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते व गुन्ह्याचा तपास तेच करतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये पंजाब, पश्चिम बंगाल व आसाममध्ये हा पट्टा १५ वरून ५० किलोमीटर करण्यात आला, तर गुजरातमध्ये तो ८० वरून ५० वर आणण्यात आला. पंजाब व पश्चिम बंगालच्या विधानसभांनी या वाढीविरुद्ध ठराव केले.

सीमेपासून दूर असलेल्या राज्यांवरही जबाबदारी आहे. संविधानाच्या २५८ व्या अनुच्छेदान्वये केंद्र आपली कामे राज्यांकडे सोपवू शकते. त्यामुळे बेकायदा राहणाऱ्या परकीयांचा शोध बहुतांशी राज्य पोलीसच घेतात. १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या आप्रवास व परकीय नागरिकविषयक कायद्यान्वये निवासगृहे, रुग्णालये व शिक्षणसंस्था यांनी परकीयांची माहिती देणे बंधनकारक आहे.

या कायद्याचा एक भाग विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवरच असतो. रोजगारासाठी परराज्यात गेलेल्या निरक्षर मजुरास हा भार पेलणे कठीण जाते. अशा प्रसंगी ग्रामपंचायतीतील जन्मनोंद, शाळेच्या पटावरील नाव व मतदार यादी यांचाच आधार उरतो. नावातील एखादी चूकही त्याला महागात पडू शकते. यास्तव ग्रामसेवकाने व शिक्षकाने वेळेवर आणि अचूक केलेली नोंद हेही नागरिकाचे संरक्षणच होय.