हिंजवडीच्या इमारती आणि आपली विहिरीवरची मोटार



ऊस नोंदीच्या कामाला माण-हिंजवडीकडे गेलो की बांधावर हटकून एक प्रश्न येतो, "साहेब, एवढ्या काचेच्या इमारती, दिवसभर गार हवा, विजेचं कसं भागवतात हो?" आपल्या तालुक्याला हा प्रश्न शोभतो. टाटांच्या धरणात गावे बुडू नयेत म्हणून १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात पुढे होते. धरण झालेच, आणि त्या पाण्यावरची वीज मुंबईला गेली. विजेची किंमत नुसती बिलात नसते, हे मुळशीकरांना शिकवायला नको.

नेहमीच्या मोठ्या इमारतीत एसी, दिवे, पंप, लिफ्ट, आगीची घंटा या यंत्रणा वेगवेगळ्या असतात. एकीचा दुसरीला पत्ता नसतो. दालन रिकामे झाले तरी एसी चालू, बाहेर लख्ख ऊन तरी खिडकीजवळचे दिवे चालू. हे आपल्या ऑटो स्टार्टरसारखेच झाले. माझ्याच घरच्या लावणीत असे घडले. रात्री लाईट आली, मोटार आपोआप सुरू झाली, सऱ्या भरून पाणी ओढ्याला लागले तरी ती चालूच. स्टार्टरला वीज आल्याचे कळते, सरी भरल्याचे कळत नाही. साहेबांच्याच शेताचे तळे झालेले पाहून गावाने काय ते बोलून घेतले!

एकत्रित यंत्रणेत हे कळणे आणि कळवणे बसवलेले असते. एक सेन्सर माणसांची चाहूल घेतो, दुसरा हवेतला कार्बन डायऑक्साईड मोजतो. माणसे कमी झाली की दिवे मालवतात, बाहेरची हवा बेतानेच आत घेतली जाते, गार पाणी फिरवणाऱ्या पंपाचा वेग उतरतो. असा पंप किंवा पंखा ८० टक्के वेगाने चालवला, तर वीज जवळजवळ निम्मीच लागते. (विहिरीतून पाणी उंच चढवताना मात्र हा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही.) आग लागली तर हवा ढकलणारे पंखे थांबतात आणि लिफ्ट तळमजल्यावर येऊन उघड्या राहतात.

यात आपल्याला नवल वाटू नये. कारखान्यात बगॅसवर वाफ, वाफेवर टर्बाईन, तिथून सुटलेल्या वाफेवर रस आटवायचा आणि त्या वाफेचे पाणी परत बॉयलरला. एक खाते अडले की दुसऱ्याला कळलेच पाहिजे.

याचा पडताळाही आहे. इन्फोसिस कंपनीने २०११ साली हैदराबादजवळ पोचारम येथे एक इमारत बांधली. आपण अर्ध्या प्लॉटवर ठिबक आणि अर्ध्यावर पाटपाणी देऊन बघतो, तशीच ही तऱ्हा. अर्ध्या भागात चांगल्या प्रतीचा नेहमीचा एसी, तर अर्ध्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून गार पाणी फिरवले. दुसऱ्या भागात थंडाव्याला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. कारण हवेपेक्षा पाणी उष्णता फार चांगली वाहून नेते. याच कंपनीच्या आपल्या हिंजवडी फेज दोनच्या ११४ एकर आवाराला २०१७ साली 'लीड प्लॅटिनम' हे अमेरिकेतील संस्थेचे वरच्या दर्जाचे प्रमाणपत्र मिळाले.

पण नुसती यंत्रे बसवून भागत नाही. पश्चिमेची भिंत उन्हात तापत ठेवून आत एसी लावणे म्हणजे फुटक्या पाटातून पाणी नेणे. आधी सावली, मग यंत्र. सेन्सर धुळीने आंधळा झाला तर हुशार इमारतही चुकीचेच करते. देखभालीला माणूस लागतोच.

आपल्यापैकी अनेकजण आता घर किंवा भाड्याच्या खोल्या बांधतात. त्यांनी एवढे जरूर करावे:

१. पश्चिमेच्या खिडक्यांना रुंद छज्जा किंवा झाडाची सावली द्यावी.

२. टाकी भरताच पंप बंद करणारा फ्लोट स्विच आणि जिन्यात चाहूल घेणारा दिवा बसवावा.

३. एसी २४ अंशांवर ठेवावा. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून स्टार असलेले नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात.

४. मोटारीला ऑटो स्टार्टर असेल तर टायमरही लावावा.

सुरू करणारे बटण आपण सगळ्यांनी बसवले आहे. आता वेळेवर बंद करणारेही बसवूया. ओढ्याला गेलेले पाणी आणि वाया गेलेली वीज परत येत नाही, हे मी स्वतःच्या शेतात शिकलो.

आपला,
ऊस विकास अधिकारी