अश्वशक्ती गेली कुठे?

पन्हाळ्यावर राहणाऱ्या माझ्या एका मित्राकडे वडिलांच्या हौसेची एक जुनी गाडी आहे. एमजीबी, दोन आसनांची, उघड्या टपाची, विलायती बनावटीची. ही गाडी इंग्लंडमध्ये १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत होती. नाव परके वाटले, तरी तिचे इंजिन आपल्या ओळखीच्या घराण्यातले आहे. उत्तरपाऱ्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत तयार होणारी अँबॅसिडर आठवा. तिच्यात अनेक वर्षे जे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन बसत असे, ते आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन ही एकाच 'बी-सीरिज' कुळातली भावंडे. गंमत म्हणजे, तेच १४८९ सीसीचे इंजिन १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये सुमारे सत्तर अश्वशक्ती देई आणि अँबॅसिडरमध्ये पन्नासच्या आसपास. लोखंड तेच, फरक होता तो कार्बोरेटर, कॉम्प्रेशन आणि कॅमशाफ्टचा. जुन्या इंजिनातून जास्त शक्ती काढण्याचा मोह माणसाला होतो, तो यामुळेच.

माझ्या मित्रालाही तो झाला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मेस्त्रीकडून त्याने इंजिनाचे बोअर करून घेतले, मोठ्या मापाचे पिस्टन घातले, हेडमधल्या हवेच्या वाटा घासून मोकळ्या केल्या आणि व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारी नवी कॅमशाफ्ट परदेशातून मागवून बसवली. खर्च दोन लाखांच्या वर गेला. कारखान्यातून नवे निघताना हे इंजिन ९५ अश्वशक्तीचे होते. आता ते ११८ पर्यंत जाईल, असा त्याचा हिशेब होता. गाडी ट्रकवर घालून त्याने पुण्याला नेली आणि डायनोवर चढवली. कागदावर आकडा उमटला, ७२!

मित्र रात्रीच परत आला. मेस्त्रीने बोअर बिघडवला, असे त्याने ठरवूनच टाकले होते. मेस्त्रीचे उरलेले पैसे त्याने थांबवले आणि इंजिन पुन्हा खोलण्याची भाषा सुरू केली. उद्यमनगर म्हणजे काही फार मोठे गाव नाही. एका मोठ्या कामाची अशी बोलवा झाली, की पुढची दहा कामे दुसऱ्या दारात जातात. मेस्त्री एवढेच म्हणाला, "साहेब, खोलायचं तर खोलूया की. पण आधी तो कागद तरी बघूया." मला त्या कागदासाठीच बोलावणे आले.

आता डायनो म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनाची ताकद मोजायची तर त्याला कशाला तरी झगडायला लावावे लागते. फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये फिरत्या चाकाला ब्रेक लावून, तो ब्रेक किती जोराने ओढला जातो, हे वजनाने मोजण्याची युक्ती काढली. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांत तेल इंजिनाच्या चाकाला दोर गुंडाळून त्याला वजने लावतात, तीही त्याच जातीची. गाडीच्या डायनोत गाडीची मागची चाके जड रुळांवर ठेवतात आणि चालक एक्सिलरेटर पूर्ण दाबतो. रूळ किती झपाट्याने वेग घेतात किंवा त्यांना अडवायला किती जोर लागतो, यावरून शक्ती काढली जाते.

इथे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. शक्ती म्हणजे तो जोर किती वेगाने लावला जातो. विहिरीवरची मोट आठवा. एक बैलजोडी भरलेली मोट ओढते, दुसरीही तेवढीच मोट ओढते. पण तेवढ्याच वेळात जी दुप्पट खेपा करते, तिची शक्ती दुप्पट. इंजिनाचेही तसेच. म्हणून डायनोच्या कागदावर एकच आकडा नसतो. हजार फेऱ्यांपासून सहा हजार फेऱ्यांपर्यंत टॉर्क आणि शक्ती कशी चढते, कुठे वाकते, याच्या दोन रेषा असतात. माझ्या मित्राने फक्त वरचा आकडा वाचला होता.

त्या आकड्याचा हिशेबही आधी नीट मांडायला हवा होता. कारखान्याचे ९५ हे इंजिन बाकावर ठेवून, त्याच्या दांड्यावर मोजलेले असतात. डायनो मोजतो चाकावर. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये गिअरबॉक्स, मागचा गिअर, बेअरिंगे आणि टायर आहेत. या सगळ्यांत साधारण पंधरा टक्के शक्ती खर्ची पडते. चाकावर ७२ म्हणजे इंजिनाजवळ सुमारे ८५.

दुसरी वजावट उंचीची. इंजिन हवेवर जगते आणि उंचावर हवा विरळ होते. दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के शक्ती कमी, असा ढोबळ हिशेब धरतात. पुणे समुद्रसपाटीपासून अठराशे फुटांच्या वर आहे, तर पन्हाळा तीन हजारांच्या आसपास. वाघबिळापासून वर येताना गाडी जी दमल्यासारखी वाटते, त्यात चढाचा वाटा मोठा असला तरी थोडा वाटा हवेचाही असतो. पुण्याच्या उंचीचे सहा टक्के आणि एप्रिलच्या गरम हवेचे दोन टक्के धरले, की ८५ चे सुमारे ९२ होतात. काही डायनोंचा संगणक ही दुरुस्ती स्वतःच करून देतो. या कागदावर ती केलेली नव्हती. ते आधी विचारून घेतले पाहिजे, नाहीतर तीच वजावट दोनदा धरली जाते.

म्हणजे हरवलेल्या ४६ अश्वशक्तींपैकी वीस तर कधी हरवलेल्याच नव्हत्या. त्या मोजण्याच्या पद्धतीत होत्या. उरल्या २६. त्या मात्र खऱ्याच गायब होत्या. दोन लाख खर्चून इंजिन जेमतेम मूळ ताकदीवर आले होते.

आता रेषेकडे वळू. डायनोची रेषा वाचताना मी तीन आकार शोधतो. टॉर्कची रेषा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच खाली असेल, तर कारण सर्वकाळ चालणारे असते: कमी कॉम्प्रेशन, चुकलेले टायमिंग किंवा मोजमापातलीच चूक. रेषा खालच्या फेऱ्यांना कमी आणि वर चांगली असेल, तर कॅमशाफ्ट त्या इंजिनाला फार 'मोठी' झाली असण्याचा संभव. आणि रेषा आधी चांगली चढून मग लवकर वाकत असेल, तर वरच्या फेऱ्यांना इंजिनाला काहीतरी पुरेसे मिळत नाही: हवा, पेट्रोल किंवा वेळेवर ठिणगी.

आमची रेषा तिसऱ्या प्रकारची होती. तीन हजार फेऱ्यांपर्यंत टॉर्क अगदी ठीक, पुढे मात्र रेषा उताराला लागलेली. हे पाहून माझा मेस्त्रीवरचा संशय बराचसा गेला. बोअर खराब असेल, रिंगा बसल्या नसतील किंवा व्हॉल्व्ह गळत असतील, तर त्याचा त्रास कमी फेऱ्यांना जास्त जाणवतो. कारण दाबलेल्या वायूला निसटायला तेव्हा जास्त वेळ मिळतो. इथे कमी फेऱ्यांना तर इंजिन उत्तम ओढत होते. तरीही संशय नुसत्या तर्काने फेडू नये, म्हणून कॉम्प्रेशन तपासले. चारही प्लग काढले, कार्बोरेटर पूर्ण उघडा ठेवला आणि इंजिन स्टार्टरवर फिरवले. चारही सिलिंडरांत दाब १५० ते १५५ पौंड आला. या तपासणीत आकडा किती आला, यापेक्षा चारही आकडे सारखे आले का, हे जास्त महत्त्वाचे. ते सारखे होते. बोअर निर्दोष होता. इंजिन खोलण्याचे कारणच उरले नाही.

क्लच घसरत नाही ना, हेही कागदावरूनच पाहिले. गिअर एकच असताना इंजिनाच्या फेऱ्या आणि रुळाचा वेग यांचे प्रमाण शेवटपर्यंत बदलता कामा नये. क्लच घसरला, तर फेऱ्या वाढतात आणि रूळ मागे राहतो. तसे काही दिसले नाही.

मग फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, असे ठरवले. एअर फिल्टर काढला. मित्राला चालकाच्या जागी बसवून पेडल तळापर्यंत दाबायला सांगितले आणि मेस्त्रीने बॅटरी घेऊन कार्बोरेटरच्या तोंडात पाहिले. आतली पाकळी पूर्ण उघडतच नव्हती! गाडी सजवताना मित्राने खाली जाड गालिचा घातला होता. पेडल गालिच्यावर टेकत होते आणि केबलही थोडी सैल होती. कमी फेऱ्यांना इंजिनाला हवा थोडीच लागते, म्हणून अर्धवट दारही पुरत होते. फेऱ्या वाढल्या, की त्याच दारातून हवा अपुरी पडू लागे.

दुसरी तपासणी ठिणगीची. पेट्रोल जळायला काही क्षण लागतात. त्यामुळे फेऱ्या वाढतात तशी ठिणगी जास्त आधी पडावी लागते. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हे काम दोन छोटी वजने करतात. वेगाने ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकवतात. टायमिंग लाइट लावून पाहिले, तर चार हजार फेऱ्यांना ठिणगी ३२ अंश आधी पडायला हवी होती, ती २४ वरच अडकली होती. वजनांखालचे ग्रीस वर्षानुवर्षे वाळून घट्ट झाले होते. साफ करून तेल दिल्यावर ती मोकळी झाली. इथे एक सावधगिरी हवी. जास्त अंश म्हणजे जास्त ताकद, असे समजून कोणी टायमिंग मनाने पुढे नेऊ नये. इंजिन ठोकू लागते आणि पिस्टन फुटतो.

तिसरे कारण पेट्रोलचे. या गाडीच्या एसयू कार्बोरेटरमध्ये एक निमुळती सुई वर-खाली होऊन पेट्रोलची वाट कमी-जास्त करते. सुई मूळ इंजिनाच्या मापाची होती. इंजिन मात्र आता जास्त हवा ओढत होते. सायलेन्सरच्या नळीत सेन्सर लावून पाहिले, तेव्हा पाच हजार फेऱ्यांना एका भाग पेट्रोलला साडेचौदा भागांहून अधिक हवा जात होती. पूर्ण ताकदीसाठी हे प्रमाण साडेबारा ते तेराच्या आसपास लागते. जाड सुई काढून थोडी बारीक, म्हणजे जास्त पेट्रोल सोडणारी सुई घातली.

एक नियम आम्ही कटाक्षाने पाळला. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून पुन्हा मोजणी. पेडल सुधारल्यावर चाकावर ७२ चे ७९ झाले, ठिणगीनंतर ८४ आणि सुईनंतर ८८. आधीच्याच हिशेबाने इंजिनाजवळ हे सुमारे ११२ भरतात.

मग ११८ का नाहीत? कारण नवी कॅमशाफ्ट इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद करते. त्यामुळे दाबायच्या हवेतला थोडा भाग परत निसटतो. त्याची भरपाई म्हणून कॉम्प्रेशन वाढवावे लागते आणि ते मित्राने वाढवले नव्हते. ११८ चा आकडा दोन्ही कामे केलेल्या इंजिनांचा होता. हे समजल्यावर तो म्हणाला, "मला रोज घाट चढायचाय, शर्यत नाही करायची." तिथेच थांबायचे ठरले. पन्हाळ्याच्या विरळ हवेत यातलेही आणखी तीन-चार टक्के जाणार, हे मी त्याला सांगून ठेवले.

या सगळ्या दुरुस्तीला सुई, ग्रीस आणि डायनोच्या फेऱ्या धरून जो खर्च आला, तो इंजिन पुन्हा खोलून बांधण्याच्या खर्चापुढे किरकोळ होता. आपल्याकडे एमजीबी कितीजणांकडे असेल! पण शेतातला पंप पाणी कमी फेकू लागला किंवा स्कूटर चढावर ओढेनाशी झाली, तर हाच क्रम उपयोगी पडतो. आधी मोजमाप तपासा. मग तक्रार नेमकी केव्हा होते, सुरुवातीला, शेवटी की सतत, ते पाहा. बाहेरून होणाऱ्या, फुकटातल्या तपासण्या आधी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाना सर्वांत शेवटी हातात घ्या आणि दोष कोणाचा, हे त्याच्याही नंतर ठरवा.

पुढच्याच सोमवारी मित्र गाडी घेऊन स्वतः उद्यमनगरात गेला. मेस्त्रीचे थांबवलेले पैसे त्याने शेजारच्या दुकानदारांच्या देखत दिले. मेस्त्रीने पैसे मोजून खिशात ठेवले आणि म्हणाला, "गालिचा काढून टाका, साहेब. बाकी गाडी झकास आहे."

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)